उघडलेलं सगळं बंद झालं का? विमानदुरुस्तीतल्या चुकांवर वाचकांचे प्रश्न

नागपूरच्या मिहानमधल्या हँगरांत विमानाची मोठी तपासणी कशी चालते, याची माहिती गेल्या अंकात दिली होती. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे: दुरुस्ती करणाराच चुकला तर काय? यातली नऊ पत्रं थोडक्यात देत आहोत. उत्तरं परवानाधारक इंजिनिअर आणि गुणवत्ता विभागात काम करणाऱ्या मंडळींनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत माझं छोटं मशीनशॉप आहे. १९९० साली इंग्लंडमध्ये उडत्या विमानाची काच निघून गेली, कारण बोल्ट चुकीचे लावले होते, असं वाचलं. एक-दोन बोल्ट चुकणं समजू शकतो. ९० पैकी ८४ कसे चुकतील? बारीक बोल्ट हाताला लगेच कळतो.

एरवी कळतो. या बोल्टांची मापं पाहिलीत तर इथे का कळला नाही ते तुमच्या लक्षात येईल.

१० जून १९९०. ब्रिटिश एअरवेजचं बीएसी वन-इलेव्हन विमान बर्मिंगहॅमहून मालागाला निघालं होतं. १७,३०० फुटांवर कॅप्टनसमोरची काच बाहेर उडाली आणि कॅप्टन अर्धे बाहेर ओढले गेले. केबिनमधल्या सहकाऱ्यांनी त्यांना धरून ठेवलं, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं. कॅप्टनसकट सगळे वाचले. ती काच उड्डाणाच्या २७ तास आधी बदललेली होती.

लावायचा बोल्ट होता ए२११-८डी, लागला ए२११-८सी. लांबी तीच, व्यास ०.०२६ इंचाने कमी, म्हणजे साधारण ०.६६ मिलिमीटर. खरी मेख आट्यांत आहे. दोन्ही बोल्टांना इंचाला ३२ आटे. पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, वेगळा असता तर बोल्ट दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यातच अडला असता. पिच जुळल्यामुळे बारीक बोल्ट नटात सरळ गेला, फिरला आणि बसल्यासारखा वाटला. ठरावीक ताणाला ‘कट्’ करून सुटणारा टॉर्क स्क्रूड्रायव्हर वापरला होता, पण आटे नटावरून घसरले तरी हाताला तसाच झटका बसतो. काम करणारा स्टँडवरून लांब वाकून हात पुरवत होता, त्याच्याच हाताखाली बोल्टचं डोकं झाकलं जात होतं. लहान डोकं काउंटरसिंकमध्ये, म्हणजे भोकाच्या तोंडाशी कोरलेल्या उतरत्या खळग्यात, जास्त खोल बसतं. समोरून पाहिलं असतं तर तेवढ्यावरूनही शंका आली असती.

मग हा बोल्ट आला कुठून? जुन्या काचेचे काढलेले बोल्ट ए२११-७डी होते, म्हणजे मुळात तेच आखूड. पार्ट कॅटलॉग न उघडता जुना बोल्ट नमुना म्हणून स्टोअरमध्ये नेला गेला. या कामाला ८डी लागतात, असं तिथल्या माणसाने सांगितलंही होतं. ७डी चा साठा पुरेसा नव्हता म्हणून दुसऱ्या, अपुऱ्या उजेडातल्या कप्प्यांतून नुसत्या नजरेने जुळवून बोल्ट उचलले गेले. उरलेल्या सहा जागी व्यास बरोबर होता, पण बोल्ट आखूड.

हे सगळं पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान झालं. पाळीत माणसं कमी असल्याने शिफ्ट मॅनेजरनेच काम हातात घेतलं. ज्याने दुसऱ्याचं काम तपासायचं तोच पाना धरून उभा राहिला, तेव्हा तपासणारं कुणी उरलंच नाही. त्यात ही काच बाहेरून बसवायची. केबिनमधला दाब तिला बाहेर ढकलतो आणि तो सगळा भार बोल्टांवर येतो. काच आतून बसवायची असती तर त्याच दाबाने ती चौकटीवर आणखी घट्ट बसली असती. एवढं असूनही या कामाला दुसऱ्याची तपासणी किंवा नंतरची दाबचाचणी सक्तीची नव्हती.

तुमच्या शॉपमध्ये यातली एक गोष्ट आजपासून लागू करता येईल. काढलेला भाग नमुना धरून नवा आणायचा नाही. आधीच्या माणसाने चूक केली असेल तर नमुन्याबरोबर त्याची चूकही पुढे जाते. नंबर ड्रॉइंगमधून घ्यायचा आणि पाकिटावरच्या नंबराशी ताडून पाहायचा. नजरेचा नंबर त्यानंतर.

प्रश्न : माझा मुलगा विमानांच्या हँगरात टेक्निशियन आहे. रात्रपाळी संपवून आला की कधीकधी म्हणतो, “काम अर्धं राहिलं, पुढच्या पाळीला सांगून आलो.” नुसतं सांगून भागतं का? — एक आई, त्रिमूर्तीनगर

नाही भागत. तुम्हाला हे खटकलं ते योग्यच आहे, कारण नेमक्या याच जागी माणसं गेली आहेत.

११ सप्टेंबर १९९१ रोजी अमेरिकेत टेक्सासमधल्या ईगल लेकजवळ काँटिनेंटल एक्स्प्रेसचं एम्ब्राएर १२० विमान हवेतच मोडलं. विमानातले सर्व १४ जण गेले. शेपटीवरच्या आडव्या पंखाच्या पुढच्या कडेला बर्फ झटकणारी रबरी पट्टी असते. आदल्या रात्री उजव्या बाजूची पट्टी बदलायचं काम सुरू झालं. संध्याकाळच्या पाळीत मदत म्हणून डाव्या बाजूच्याही वरच्या अंगाचे ४७ स्क्रू काढले गेले. पाळी बदलली. रात्रीच्या मंडळींनी उजवी बाजू नीट पूर्ण केली. डाव्या बाजूचे स्क्रू काढलेत याची कागदावर नोंद नव्हती. ते विमान टी-शेपटीचं, त्यामुळे तो पंख उंचावर असतो आणि खाली उभं राहून त्याचं वरचं अंग दिसतच नाही. सकाळी एक फेरी सुखरूप झाली. परतीच्या फेरीत, वेगाने खाली येताना डावी कड उखडली.

सुटलेल्या कामाची खूण आपोआप राहत नाही, हा या कामातला सगळ्यात मोठा धोका आहे. जादा बसवलेला भाग दिसतो, न बसवलेला स्क्रू दिसत नाही. म्हणून अर्धवट काम मुद्दाम दिसतं करून ठेवावं लागतं. टास्क कार्डावरच्या (कामाच्या पायऱ्या लिहिलेल्या कागदावरच्या) ज्या पायरीचं काम झालं तेवढीच सही. न झालेली पायरी कोरी. कार्डात नसलेलं काही उघडलं, एखादा स्क्रू का असेना, तर त्याच क्षणी वेगळं कार्ड काढायचं, ‘शेवटी लिहू’ म्हणायचं नाही. काढलेले स्क्रू पिशवीत, पिशवीवर जागा आणि संख्या, उघड्या पॅनेलवर लाल टॅग. मग पुढच्या पाळीच्या माणसाला विमानाजवळ नेऊन बोट ठेवून दाखवायचं. चहाच्या टपरीवर किंवा फोनवर सांगणं म्हणजे हस्तांतरण नाही. मुलाला एवढंच विचारा: “तू सांगितलंस ते कार्डावर आहे का?”

रात्रीचं म्हणाल, तर पहाटे दोन ते सहा या वेळात शरीर सगळ्यात मंद असतं. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसासारखी खालावते, हे १९९७ मध्ये प्रयोगाने दाखवलं गेलं. चांगले सुपरवायझर म्हणूनच फ्लाइट कंट्रोलसारखी, म्हणजे विमान वळवणाऱ्या-उचलणाऱ्या भागांची, नाजूक कामं दोनच्या आत उरकायला लावतात. घरी तुमच्या हातात आहे ती त्याची दिवसाची झोप. खिडकीला जाड पडदा, कूलर आधीच सुरू, फोन बाहेरच्या खोलीत. आणि लग्नसराईत रात्रपाळीच्या मधल्या दिवशी त्याला दुपारच्या पंगतीला नेऊ नका. नातेवाईक रागावले तर रागावू द्या.

प्रश्न : एएमई (विमानदुरुस्ती इंजिनिअर) कोर्सला आहे. टॉर्क रेंचला, म्हणजे ठरावीक जोरालाच आवळणाऱ्या पान्याला, क्रोफूट अडॅप्टर (पुढे लावायचा उघड्या तोंडाचा जोड) लावला की सेटिंग बदलायचं म्हणतात. किती? आणि याने खरंच एवढा फरक पडतो का? — विद्यार्थी, हिंगणा रोड

पडतो, कारण अडॅप्टरमुळे पान्याची लांबी वाढते आणि ती वाढ रेंचला कळत नाही. सूत्र असं: सेटिंग = हवा असलेला टॉर्क × ल ÷ (ल + अ). ‘ल’ म्हणजे रेंचच्या चौकोनी ड्राइव्हच्या मध्यापासून मुठीवरच्या पकडीच्या खुणेपर्यंतचं अंतर. ‘अ’ म्हणजे त्या ड्राइव्हच्या मध्यापासून नटाच्या मध्यापर्यंतची अडॅप्टरची लांबी.

समजा नटाला ३०० इंच-पाउंड हवेत, ल १० इंच आणि अ २ इंच. ३०० × १० ÷ १२ = २५०. रेंच २५० वर लावायचा. विसरून ३०० वरच ठेवला तर नटाला ३६० बसतात, म्हणजे २० टक्के जास्त. बोल्ट तेव्हाच तुटला तर नशीब म्हणायचं. बहुधा तो तुटत नाही, ताणला जातो आणि पुढे केव्हातरी दगा देतो. अडॅप्टर रेंचला काटकोनात लावला तर दुरुस्ती लागत नाही. जागा असेल तर तसाच लावा, आकडेमोडीतली एक चूक टळते.

परीक्षेपेक्षा हँगरात जास्त गोंधळ एककांचा होतो. २५ फूट-पाउंड म्हणजे ३०० इंच-पाउंड, म्हणजे सुमारे ३३.९ न्यूटन-मीटर. मॅन्युअलमधलं एकक मोठ्याने वाचा आणि रेंचवरचं एककही मोठ्याने वाचा. आटे कोरडे हवेत की ग्रीस लावलेले, तेही मॅन्युअल सांगतं. कोरड्याचा आकडा धरून तेल लावलेला बोल्ट आवळलात तर घर्षण कमी होऊन तोच टॉर्क बोल्टला जास्त ताणतो. सेल्फ-लॉकिंग नट मोकळा फिरवतानाही जोर लागतो. तो मोजून वर मिळवायचा की नाही, हे त्या-त्या कामाच्या पानावर पाहा.

कॅसल नटमध्ये (डोक्यावर खाचा असलेल्या नटमध्ये) स्प्लिट पिनचं, म्हणजे नट फिरू नये म्हणून घालायच्या खिळीचं, भोक जुळलं नाही तर नट मागे सैल करून जुळवायचा नाही. टॉर्कच्या खालच्या मर्यादेपासून सुरू करा आणि वरच्या मर्यादेपर्यंत पुढेच न्या. तरीही जुळलं नाही तर वॉशर किंवा नट बदला. पहिला ‘कट्’ झाला की थांबा, खात्रीसाठी दुसरा नको. रेंच पडला तर तो गुपचूप फळीवर न टांगता कॅलिब्रेशनला, म्हणजे माप तपासायला, द्या.

प्रश्न : पुण्याला जाताना खिडकीतून पंखावर चंदेरी चिकटपट्टी दिसली. जुगाड करून विमान चालवतात का? — रामदासपेठ

ती स्पीड टेप. ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, उष्णतेला आणि वाऱ्याला टिकणारी पट्टी. रंगाचे उडालेले पोपडे, सीलंटची (सांधे बुजवणाऱ्या लेपाची) उघडी कड किंवा बिनभाराच्या पॅनेलचा छोटा ओरखडा तात्पुरता झाकायला ती वापरतात. कुठे, किती मोठी आणि किती दिवस लावायची याला मंजुरी लागते आणि लॉगमध्ये नोंद असते. भार पेलणाऱ्या भागाला ती लावत नाहीत. सदोष उपकरणांचंही असंच आहे. कोणतं उपकरण बंद असताना किती दिवस उडता येतं याची मंजूर यादी असते. ब वर्गाला ३ दिवस, क ला १०, ड ला १२०. मुदत संपेपर्यंत दुरुस्ती झाली नाही तर विमान उभं राहतं.

प्रश्न : आम्ही सोनेगावला राहतो. उभ्या विमानांच्या नाकाजवळ लाल फिती लोंबताना दिसतात. त्या कशासाठी? — आठवीतली मुलगी आणि तिचे आजोबा

आजोबांना कुंभारीण माहीत असेल. चिखलाचे गोळे आणून खिडकीच्या कोपऱ्यात, दाराच्या कडीच्या भोकात, नळीत घर बांधते ती माशी. लाल फितीचा तिच्याशीही संबंध आहे.

विमानाच्या नाकाजवळ पुढे तोंड करून असलेल्या बारीक नळ्या म्हणजे पिटो नळ्या. समोरून येणाऱ्या हवेच्या दाबावरून त्या वेग सांगतात. अंगावर सपाट, छोट्या भोकांचे स्टॅटिक पोर्ट असतात. ते बाहेरच्या हवेचा दाब घेतात. या दोन्हींच्या जोरावर वेग आणि उंची कळते. विमान उभं असताना नळीवर टोपी आणि पोर्टवर झाकण घालतात, त्याला लाल फीत लावतात, फितीवर ‘उड्डाणापूर्वी काढा’ असं इंग्रजीत लिहिलेलं असतं.

झाकण नसलं तर काय होतं? ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डोमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाताहून बर्गेनएअरचं बोइंग ७५७ उडालं आणि समुद्रात पडलं, १८९ जण गेले. कॅप्टनच्या बाजूचा वेग खोटा दिसत होता. ती नळी समुद्रातून मिळाली नाही, पण कुंभारणीच्या जातीच्या माशीने ती बुजवली असावी, असा तपासाचा कल होता. विमान काही दिवस उभं होतं आणि नळ्यांवर टोप्या नव्हत्या.

आणि झाकण राहून गेलं तर? त्याच वर्षी २ ऑक्टोबरला लिमाहून निघालेल्या एरोपेरूच्या ७५७ मध्ये ७० जणांचा जीव गेला. विमान धुताना आणि पुसताना स्टॅटिक पोर्टवर चिकटपट्टी लावली होती, ती काढायची राहिली. पट्टी चंदेरी होती आणि खालचा पत्राही चंदेरी. रात्रीच्या अंधारात समुद्रावर उंची, वेग, सगळेच आकडे भलते दिसत होते.

म्हणून फीत लाल आणि लांब असते. झाकण आणि धोक्याची खूण ही एकच वस्तू हवी, म्हणजे झाकण विसरलं तरी फीत वाऱ्यावर हलून स्वतःकडे लक्ष ओढते. हँगरात काम करणाऱ्या वाचकांनी घरची किंवा दुकानातली पट्टी पोर्टवर लावू नये. मंजूर झाकण मिळेपर्यंत धुलाई थांबवा. लावलेली झाकणं मोजून आकडा लिहा, काढलेली परत मोजा. पावसाळ्यानंतर आपल्याकडे कुंभारणी फार होतात, तेव्हा एका रात्रीपुरतं विमान उभं असलं तरी टोपी घालाच.

प्रश्न : सीलंटच्या डब्यावर दोन तास लिहिलेले असतात, पण मे महिन्यात ते अर्ध्या तासात घट्ट होतं. माल खराब येतो का? — टेक्निशियन, बुटीबोरी

माल बहुधा ठीक आहे. सीलंटच्या बी-२ या प्रकारातला २ म्हणजे मिसळल्यापासून लावण्याजोगे दोन तास, पण ते २५ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रतेला. ढोबळ नियम असा की तापमान साडेपाच अंशांनी वाढलं की हा वेळ निम्मा होतो. ३६ अंशांला अर्धा तास. ४२ अंशांच्या हँगरात पंधरा मिनिटंही नीट मिळत नाहीत. आपल्याकडे उन्हाळ्यात बाहेरचा पारा ४५ च्या वर जातो. त्यामुळे डब्यावरचा आकडा नागपूरच्या मे महिन्यासाठी नाहीच.

चूक होते ती पुढे. अर्धं जोडकाम झालेलं असतं, सीलंट ओढताना दोरे सुटू लागतात आणि ‘एवढंच राहिलंय’ म्हणून माणूस तसंच दाबत नेतो. घट्ट होऊ लागलेलं सीलंट पत्र्याला धरत नाही, नुसतं वर बसतं. वरून ते गुळगुळीत दिसतं आणि तपासणाऱ्यालाही फसवतं. काही दिवसांनी इंधन टाकीच्या सांध्यातून पाझर सुरू होतो आणि मग तेच सगळं खरवडून काढायला दुप्पट-तिप्पट वेळ जातो.

एका वेळी दहा मिनिटांत संपेल एवढंच मिसळा. मिसळल्याची वेळ आणि टाकायची वेळ, दोन्ही कपावर मार्करने लिहा. टाकायची वेळ त्या क्षणीच्या हँगरातल्या तापमानावरून काढा, त्यासाठी कामाच्या जागी थर्मामीटर ठेवा. ज्या पत्र्यावर लावायचं तो उन्हात तापलेला असेल तर हवेचा आकडाही उपयोगाचा नाही, पत्र्याचं तापमान घ्या. मोठं सीलिंग पहाटे किंवा रात्री ठेवावं लागतं, पण तिथे वर सांगितलेली पहाटेची सुस्ती आडवी येते. त्यामुळे अशा पाळीत एक माणूस लावायला आणि एक फक्त वेळ पाहायला व मिसळून द्यायला, अशी जोडी ठेवा. एकट्याला हे काम देऊ नये, असं आमचं ठाम मत आहे.

प्रश्न : मी अजनीच्या लोकोशेडमधून निवृत्त झालो. विमानाला दोन-तीन इंजिनं असतात ती एक बंद पडलं तर दुसऱ्याने निभावावं म्हणून. पण एकच फिटर सगळ्या इंजिनांत तीच चूक करील तर? — मेडिकल चौक

असं झालेलं आहे. ५ मे १९८३ रोजी ईस्टर्न एअरलाइन्सचं एल-१०११ ट्रायस्टार मायामीहून नासाऊला निघालं, विमानात १७२ जण. इंजिनाच्या तेलात धातूचे कण येतात का ते पाहायला चुंबकी चिप डिटेक्टर असतो. रात्री तिन्ही इंजिनांचे डिटेक्टर बदलले, पण नव्यांवर ओ-रिंग (तेल अडवणाऱ्या रबरी कड्या) नव्हत्या. नेहमी डिटेक्टर ओ-रिंगा चढवूनच हातात मिळत, त्यामुळे पाहायची सवयच राहिली नव्हती. कार्डावर ‘नव्या ओ-रिंगसह बसवा’ असं असूनही सह्या झाल्या. तिन्ही इंजिनांचं तेल गळलं. विमान एका इंजिनावर कसंबसं मायामीला परतलं आणि सगळे वाचले.

२३ फेब्रुवारी १९९५ ला इंग्लंडमध्ये ब्रिटिश मिडलंडच्या बोइंग ७३७ चं तसंच झालं. रात्री दोन्ही इंजिनांत बोअरस्कोप (आत डोकावायची बारीक नळी) घालून आतलं पाहिलं, त्यासाठी उघडलेली रोटर ड्राइव्हची झाकणं दोन्हीकडे परत लागली नाहीत. काम एकाने सुरू केलं, दुसऱ्याने संपवलं. नंतर इंजिन चालवून गळती पाहायची होती, ती पाहिली नाही. दोन्ही इंजिनांचं बहुतेक तेल गेलं आणि विमान ल्यूटनला उतरवावं लागलं.

म्हणून लांब समुद्रावरून उडणाऱ्या दुइंजिनी विमानांच्या बाबतीत एकाच पाळीत एकाच माणसाने दोन्ही इंजिनांचं तेच काम करायचं नाही, असा नियम आहे. माणसंच कमी असतील तर एक इंजिन आज, दुसरं पुढच्या फेरीनंतर. तेही जमत नसेल तर काम न केलेल्या दुसऱ्या माणसाची तपासणी आणि इंजिन चालवून चाचणी. हा नियम फक्त लांबच्या मार्गांवर सक्तीचा असला तरी नागपूर-मुंबई करणाऱ्या विमानालाही लावावा, असं आम्हाला वाटतं. तेल गळायला समुद्र लागत नाही.

प्रश्न : मी वकील आहे. एवढे जीव जातात, तर बोल्ट विसरणाऱ्याला तुरुंगात का टाकू नये? — धरमपेठ

ज्याने काम न करता सही केली, नोंद खोडली किंवा चूक कळल्यावर लपवली, त्याला शिक्षा व्हायलाच हवी. त्यावर दुमत नाही. चुकलेल्या आणि स्वतःहून सांगितलेल्या माणसाला त्याच पिंजऱ्यात उभं केलंत तर पुढच्या वेळी कुणी सांगणार नाही आणि ते विमान उडेल.

वर सांगितलेल्या टेक्सासच्या अपघातात तपास मंडळाच्या बहुमताने दुरुस्ती आणि तपासणी करणाऱ्यांनी कार्यपद्धती पाळली नाही, यावर मुख्य बोट ठेवलं. मंडळाचे एक सदस्य जॉन लॉबर यांनी वेगळं मत नोंदवलं: वरिष्ठ व्यवस्थापनाने कार्यपद्धती पाळण्याची संस्कृतीच घडवली नाही, हेही कारण आहे. आम्ही लॉबर यांच्या बाजूचे. तिथे एकाहून जास्त माणसं एकाच रात्री घसरली. तेवढ्या सगळ्यांना एकाच वेळी नालायक म्हणून मोकळं होता येत नाही.

बोइंगने १९९० च्या दशकात चुकीच्या चौकशीसाठी मेडा नावाचा तक्ता आणला. त्यात कोण चुकलं हे लिहून चौकशी संपत नाही. सूचना कळण्यासारखी होती का, हत्यार हाताशी होतं का, भाग चुकीचा बसूच शकत होता का, उजेड किती होता, घाई कुणाची होती, पाळी कितवी, हे विचारतात. वकील म्हणून तुम्हाला यात रस वाटेल: साक्षीदाराला ‘तू का विसरलास’ विचारलं की बचाव मिळतो, ‘त्या वेळी कुठे उभा होतास, काय दिसत होतं’ विचारलं की माहिती मिळते.

प्रश्न : गड्डीगोदामला गाड्यांचं गॅरेज आहे, चार पोरं कामाला. विमानवाल्यांच्या पद्धतीतलं आम्हाला काय घेता येईल? पाने हरवतात, कधी बॉनेटमध्येच राहतात.

पाने विमानातही राहतात. डिसेंबर २०२३ मध्ये लॉस एंजेलिसला क्वांटासच्या ए३८० च्या इंजिनात सव्वा मीटर लांबीचं नायलॉनचं हत्यार राहिलं. इंजिन हाताने फिरवण्यासाठी ते आत घातलं होतं. पुढच्या तपासणीत सापडेपर्यंत विमानाने ३४ उड्डाणं केली. हत्यार परत आलं नाही हे समजल्यावरही ते सापडायच्या आत विमान सोडलं गेलं होतं.

भिंतीवर प्लायवूडची फळी लावा. प्रत्येक पान्याची बाहेरची रेघ आखून आतला भाग गडद रंगवा. पाना जागेवर नसला की रंग दिसतो, मोजायची गरज नाही. प्रत्येक पोराला पाच-पाच पत्र्याचे बिल्ले द्या, पाना नेला तिथे आपला बिल्ला टांगायचा. गाडी सुरू करायच्या आधी फळीकडे एक नजर. एकही रिकामी जागा असेल तर चावी मालकाकडेच राहील, मग गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी. पहिल्या महिन्यात हे दोन-तीनदा खरंच करून दाखवावं लागेल, नाहीतर फळी नुसती शोभेची होते.

काढलेले नट-बोल्ट चुंबकी ताटलीत, एका जागेचे एका ताटलीत. फोन वाजला आणि हातातलं काम सुटलं तर परत आल्यावर सुटलेल्या पायरीच्या तीन पायऱ्या मागून सुरुवात करायची. विमानाच्या कामात हाच सल्ला देतात आणि तो फार उपयोगी आहे.

चाकाचे नट आधी हाताने चार-पाच फेरे घाला, मगच पाना लावा, म्हणजे आटे वाकडे चढत नाहीत. समोरासमोरच्या क्रमाने, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याला टॉर्क रेंचने आवळा. आवळलेल्या प्रत्येक नटावरून चाकापर्यंत पिवळ्या पेंट मार्करने एक आडवी रेघ ओढा. रेघ नसलेला नट राहिलेला आहे आणि रेघ तुटलेला नट फिरलेला आहे. गिऱ्हाइकाला शंभर किलोमीटरनंतर परत बोलवा आणि त्या रेघा पाहा.